शेजारासकट

पाटीवर पहिली अक्षरे उमटतात ती बहुतेक मराठी घरांत ‘श्रीगणेशाय नमः’ अशी. गणेश हे नाव तिथे ‘गणेशाय’ का झाले, हे त्या वयात कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. कारण शेजारच्या ‘नमः’मध्ये आहे. ‘नमः’ हे अव्यय. लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कशानेही त्याचे रूप बदलत नाही. मात्र ज्याला नमस्कार करायचा त्याच्या नावाने चतुर्थीत यायचे, हा त्याचा कायमचा आग्रह. व्याकरणात अशा शेजारच्या शब्दाला उपपद म्हणतात आणि त्याच्यामुळे येणाऱ्या विभक्तीला उपपदविभक्ती. म्हणजे ज्या नियमाच्या नावाने पुढे शाळेत पोटात गोळा येतो, त्याचे एक उदाहरण आपण अक्षरओळखीच्या दिवशीच गिरवलेले असते. संस्कृतात स्थान दाखवणारी जी अव्यये आहेत, त्यांना याच दारातून आत जावे लागते. त्यांतल्या एकाने, ‘परितः’ने, मला भाषेकडे आणि माझ्या गावाकडे नव्याने पाहायला लावले. त्याविषयी लिहायचे आहे.

वाईला आमच्या आळीत एक निवृत्त संस्कृत शिक्षिका राहतात. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर वर्ग भरतो. दहावीची एक मुलगी, पौरोहित्य करणारा एक तरुण, किराणा दुकानातून तास काढून येणारे एक गृहस्थ आणि नोकरीतून मोकळी झालेली मी, असे आम्ही विद्यार्थी. फी नाही. वेळेवर यायचे आणि मोठ्याने बोलायचे, एवढीच अट. वाईला संस्कृत नवे नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे शिकले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यांनी याच गावात बसून केले. एवढ्या मोठ्या विद्येच्या सावलीत आमचा वर्ग अगदी लहान. पण बाई शिकवतात ते मन लावून, आणि त्यांची एक रीत आहे: जे समोर दिसते त्याचेच वाक्य करायचे.

स्थानवाचक शब्दांची सुरुवात सोपी होती. पुरतः म्हणजे पुढे, पृष्ठतः म्हणजे मागे, वामतः डावीकडे, दक्षिणतः उजवीकडे, उपरि वर, अधः खाली. संभाषणवर्गांत हे शब्द हातवारे करून शिकवतात, तसेच आम्हीही शिकलो. ‘गृहस्य पुरतः अङ्गणम् अस्ति.’ घराच्या पुढे अंगण आहे. ‘वृक्षस्य अधः धेनुः अस्ति.’ झाडाच्या खाली गाय आहे. या शब्दांना षष्ठी लागते आणि मराठीतही आपण ‘च्या’ लावतो, त्यामुळे जिभेला काही वेगळे करावे लागत नाही. ‘उपरि’ तर घरचाच. प्राकृतातून झिजत तो जुन्या मराठीत ‘वरी’ झाला आणि आपल्या तोंडी ‘वर’ म्हणून राहिला. हे शब्द शिकताना मनात एक माणूस उभा राहतो, पूर्वेकडे तोंड केलेला. ‘दक्षिण’ म्हणजे उजवी बाजूही आणि ती दिशाही, कारण उगवत्या सूर्यासमोर उभे राहिले की दोन्ही एकच होतात. ‘पुरस्तात्’ म्हणजे समोर आणि पूर्वेलाही. ‘पश्चात्’ म्हणजे पाठीमागे आणि पश्चिमेलाही. सकाळी घाटावर अर्घ्य देणारा माणूस या सगळ्या शब्दांच्या मधोमध उभा असतो.

मग ‘परितः’ आला. अर्थ सोपा: सभोवती, सगळ्या बाजूंनी. ‘गावाच्या सभोवती डोंगर आहेत’ याचे संस्कृत करायला बाईंनी सांगितले की मराठी जीभ बेधडक ‘ग्रामस्य परितः’ म्हणते, कारण ‘च्या’ म्हणजे षष्ठी ही गाठ आपल्या मनात पक्की बसलेली असते. संस्कृतात मात्र म्हणायचे ‘ग्रामं परितः पर्वताः सन्ति.’ गाव द्वितीयेत. डोंगर प्रथमेत, कारण ‘आहेत’ या क्रियेचे कर्ते ते. आणि ‘परितः’ आपल्या जागी जसाच्या तसा.

नियम सांगून झाल्यावर बाईंनी एक ताकीद दिली. “या शब्दाचा सराव करताना नपुंसकलिंगी नाव घ्यायचं नाही. गृहं परितः, वनं परितः, नगरं परितः, हे सगळं बरोबर आहे. पण तिथं प्रथमा आणि द्वितीया एकसारखीच दिसते. कानाला कळत नाही तुम्ही द्वितीया केलीत की नुसतंच नाव उच्चारलंत. पुल्लिंगी घ्या, स्त्रीलिंगी घ्या. वटं परितः. नदीं परितः. तुलसीं परितः दीपाः. तिथं लपायला जागा नाही.”

शिकवण्यातला हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे पुष्कळदा नेमकी नपुंसकलिंगी असतात. मूल ती वाचते, पाठ करते, आणि त्याच्या ध्यानातही येत नाही की इथे काही बदलले आहे. ज्या ठिकाणी बदल कानाला ऐकू येतो तिथेच नियम शिकावा, ही शिकवणाऱ्याची खरी जाण.

दहावीतल्या मुलीने सरळ विचारले, “बाई, पण द्वितीयाच का? गाव काय कर्म आहे का? गावाला कोणी काही करत नाहीये.”

बाई म्हणाल्या, “बरोबर बोललीस. कर्म नाही. म्हणूनच हिला कारकविभक्ती म्हणत नाहीत, उपपदविभक्ती म्हणतात. क्रियेशी गावाचं नातं नाही, शेजारच्या शब्दाशी आहे. पण आता तू मला सांग, वटपौर्णिमेला सूत कुठं गुंडाळतात?”

“वडाला.”

“विहिरीभोवती दगड रचले की काय म्हणतो आपण? विहिरी...”

“विहिरीला कठडा.”

“प्रदक्षिणा?”

“देवाला.”

“कुंपण?”

“शेताला.”

“मग?” एवढेच म्हणून बाई थांबल्या.

त्या दिवशी घरी येताना मी एकामागून एक ‘ला’ गोळा करत होते. गडाला तटबंदी. लुगड्याला काठ. चित्राला चौकट. गावाला वेस. घराला लागून गोठा, नदीला लागून मळा, भिंतीला खेटून कपाट. मराठीत ‘भोवती’ हा शब्द आला की ‘च्या’ येतो, पण वेढणारी वस्तू स्वतः आली की ‘ला’ येतो. शाळेच्या तक्त्यात हा ‘ला’ द्वितीयेतही असतो आणि चतुर्थीतही, त्यामुळे ‘विहिरीला कठडा’ यातला ‘ला’ नेमका कोणता, यावर जाणकारांनी खुशाल चर्चा करावी. संस्कृत द्वितीयेचा तो वारस आहे असेही मला म्हणायचे नाही. पण एका गोष्टीची खात्री वाटते. मधोमध असलेल्या वस्तूपर्यंत वेढणारी वस्तू येऊन पोचते, तिला लागते, ही जाणीव मराठी बोलणाऱ्याच्या मनात आधीपासूनच आहे. ‘ग्रामं परितः’ म्हणताना तिला हाक मारावी लागते, इतकेच. नियम डोक्यावर लादून घेण्यापेक्षा आपल्या बोलीतला त्याचा सोबती शोधला तर तो कायमचा राहतो.

या नियमाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ‘परि’ आणि ‘अभि’ या दोन शब्दांना ‘तस्’ प्रत्यय लागतो हे पाणिनीने पाचव्या अध्यायात सांगितले. त्यावरचे वार्तिक म्हणते की ‘परि’ला तो ‘सर्व’ या अर्थी लागावा आणि ‘अभि’ला ‘उभय’ या अर्थी. म्हणजे परितः हे सर्वतः आणि अभितः हे उभयतः. एक सगळ्या बाजूंनी, दुसरा दोन्ही बाजूंनी. कवींनी ‘अभितः’ पुढे जवळ, समोर, भोवती अशा अर्थांनीही वापरला आणि कोशांत ते सगळे अर्थ मिळतात. पण मुळातला भेद हा. या दोघांच्या शेजारी द्वितीया यावी ही नोंद पाणिनीच्या सूत्रांत नाही, वार्तिकात आहे. समया आणि निकषा हे ‘जवळ’ या अर्थाचे दोन शब्दही त्यांच्याच पंगतीत बसवले आहेत. आणखी एका श्लोकवार्तिकात उभयतः, सर्वतः, धिक् अशा शब्दांसाठी द्वितीया सांगून झाल्यावर शेवटी म्हटले आहे की याखेरीज इतरत्रही ती दिसते. ‘दिसते’ या एका शब्दात व्याकरणकाराची सगळी वृत्ती आहे. लोक कसे बोलतात ते त्याने कान देऊन ऐकले, मोजके शब्द वापरून मांडले आणि जे मांडणीत मावले नाही त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. व्याकरण म्हणजे हुकूमनामा अशी ज्यांची समजूत असते, त्यांनी ही एक ओळ जरूर पाहावी.

परितः आणि अभितः यांतला फरक मला वहीत कळला होता, पण पटला तो कृष्णेच्या पुलावर. बाई आम्हाला एका रविवारी सकाळी तिथे घेऊन गेल्या. पुलावर मधोमध उभे राहिले की खाली कृष्णा, तिच्या अलीकडे वस्ती, पलीकडे वस्ती. आणि मान वर करून गोल फिरले की पांडवगड, मांढरदेवाचा डोंगर, पसरणीच्या घाटाची भिंत, वैराटगड. बाई म्हणाल्या, “आता दोन वाक्यं सांगा. नदीचं एक, गावाचं एक.” वाईला लोकपरंपरेने विराटनगरी म्हणतात, ते नाव आम्हाला आयतेच मिळाले. ‘विराटनगरीं परितः पर्वताः सन्ति. कृष्णाम् अभितः गृहाणि सन्ति.’

नदीला अभितः शोभतो, कारण नदीला दोनच बाजू. गावाला परितः शोभतो, कारण त्याला सगळ्या. एवढी साधी गोष्ट, पण डोळ्यांनी पाहिल्यावर दोन शब्द एकमेकांच्या जागी येण्याची शक्यताच उरली नाही. दुकानदार काकांनी लगेच पुढचे वाक्य केले. पूर आला की पाणी देवळाच्या दोन्ही अंगांनी जाते, म्हणून ‘गणपतिम् अभितः जलम्.’ त्यांचे म्हणणे ढोल्या गणपतीविषयी होते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दोन्हीकडे दुभंगावा यासाठी. बांधणाऱ्याने दगडात केलेला विचार ‘अभितः’ या शब्दात नेमका बसतो. त्या देवळाकडे मी लहानपणापासून पाहत आले, तरी मागच्या भिंतीचे काम एका शब्दात सांगता येईल असे कधी वाटले नव्हते.

भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत या शब्दांच्या उदाहरणात कृष्ण आहे आणि त्याच्या अंगाला गोप आहेत. तिथे ‘कृष्णम्’, आमच्या वाक्यात ‘कृष्णाम्’. एक ऱ्हस्व, एक दीर्घ. एक देव, एक नदी. कृष्णाबाईचा उत्सव मांडणाऱ्या गावात हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिताना फार आनंद झाला.

पुलावरून आम्ही काशीविश्वेश्वराच्या देवळात गेलो. तिथे पुरोहित तरुणाने एक प्रश्न काढला आणि तो मला आजवरच्या सगळ्या प्रश्नांत चांगला वाटला. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचे पाणी जिथून बाहेर जाते ते सोमसूत्र ओलांडायचे नसते. तिथपर्यंत जायचे आणि आल्या पावली मागे फिरायचे. “मग बाई, ‘भक्तः शिवं परितः चलति’ असं म्हणता येईल का?”

बाईंनी थोडा विचार केला. “परितःमध्ये सगळ्या बाजू येतात. तुझी एक बाजू राहिली. तेव्हा चालणाऱ्यासाठी तो शब्द वापरू नकोस. भिंतीसाठी वापर. प्राकारासाठी वापर. त्या देवाच्या सगळ्या बाजूंना आहेत.”

एखाद्या शब्दाचा अर्थ कळणे आणि तो कुठे वापरू नये हे कळणे, यांत फार अंतर असते. पहिले कोशातून मिळते. दुसऱ्यासाठी कोणीतरी जाणते माणूस शेजारी उभे असावे लागते, आणि समोर खरीखुरी जागा असावी लागते.

परितःच्या मागोमाग या कुळातले बाकीचे शब्द आले आणि संस्कृतात ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर किती बारकाईने दिले जाते ते दिसू लागले. ‘उपरि’ला षष्ठी लागते हे वर आलेच. पण अगदी जवळ, लगटून वर असेल तर पाणिनी ‘उपरि’ दोनदा म्हणायला सांगतो, आणि मग शेजारचा शब्द द्वितीयेत येतो. नदीच्या वर आकाशात ढग असेल तर ‘नद्याः उपरि मेघः’. पण पाण्याला पंख लागतील इतक्या खालून बगळा उडत गेला तर ‘उपर्युपरि नदीं बकः डयते’. धोम धरणाच्या बाजूला संध्याकाळी हे दृश्य मी अनेकदा पाहिले होते. शब्दाच्या द्विरुक्तीने जवळीक दाखवायची आणि त्या जवळिकेची खूण म्हणून विभक्तीही बदलायची, ही भाषेची नजर मला थक्क करते. आपणही ‘जवळजवळ’, ‘मागोमाग’, ‘कडेकडेने’ म्हणतोच. पण विभक्तीपर्यंत ती जवळीक आपण नेत नाही.

तशीच गोष्ट ‘उत्तरेण’ आणि ‘दक्षिणेन’ यांची. हे तृतीयेचे रूप दिसते, पण शेजारी द्वितीया मागणारे हे अव्यय आहे आणि ते जवळच्या ठिकाणासाठीच वापरावे असा नियम आहे. ‘ग्रामं दक्षिणेन’ म्हणजे गावाच्या दक्षिणेला, जवळच. फार लांब असेल तर ‘दक्षिणाहि’ असा निराळा शब्द सांगितला आहे. किती लांब हे वेगळे सांगायला नको. शब्दातच अंतर भरलेले. मेघदूतातला यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो तेव्हा कालिदासाने हाच ‘उत्तरेण’ योजला आहे: कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला. आता या नियमाचे बोट धरून ती जागा वाचावी. यक्षाचे घर कुबेराच्या वाड्याला अगदी शेजारी आहे. ज्या धन्याने त्याला वर्षभरासाठी घराबाहेर काढले त्याचीच भिंत त्याच्या घराला लागून आहे, आणि त्या घरात त्याची पत्नी एकटी दिवस मोजते आहे. हे सांगणारा यक्ष बसला आहे रामगिरीवर, वा. वि. मिराशींच्या मते तो नागपूरजवळचा आपला रामटेक. हिमालयातल्या अलकेपासून इतक्या लांब बसलेला माणूस ‘जवळच’ असा अर्थ असलेला शब्द उच्चारतो. शाळेत मेघदूताचे श्लोक वाचताना मला विरह विशेषणांत आणि उपमांत सापडत होता. तो एका स्थानवाचक अव्ययातही आहे हे मला या वयात, व्याकरण शिकताना कळले. माघाच्या शिशुपालवधातही पहिल्या सर्गात रावणाच्या वधाची आठवण काढताना ‘निकषा’ हा शब्द लंकेच्या शेजारी, लंकेला द्वितीयेत ठेवून आला आहे. हे शब्द असे कवितेतून हुडकून काढण्याची सवय लागली की वाचनाचा वेग मंदावतो आणि वाचन खोल जाते.

आणि ‘अन्तरा’, म्हणजे मध्ये. त्याच्या शेजारी ज्या दोघांच्या मध्ये काही आहे ते दोघेही द्वितीयेत येतात. परंपरेने चालत आलेल्या उदाहरणात तू आणि मी आहोत आणि आपल्या दोघांमध्ये कमंडलू आहे. कधीकाळी कोणी गुरू आणि शिष्य समोरासमोर बसलेले असावेत, मध्ये पाण्याचे भांडे असावे, आणि नियम शिकवायला एवढे पुरे झाले असावे. बाईंच्या ओसरीवर आमच्या मध्ये पाण्याचा तांब्या असतो. उदाहरण आम्हाला वेगळे शोधावे लागले नाही.

या सगळ्या शब्दांकडे पाहताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. अव्यय बदलत नाही, बदलतो तो त्याचा शेजारी. म्हणून ‘परितः म्हणजे सभोवती’ एवढे पाठ केले तर हाती अर्धेच येते. ‘अमुकं परितः’, ‘अमुकस्य पुरतः’, ‘अमुकाद् बहिः’ असे शेजारासकट पाठ केले तरच तो शब्द आपला होतो. हे फक्त संस्कृतापुरते खरे नाही. मराठीतही ‘घाबरणे’ शिकणाऱ्याला ‘ला’सकट शिकावे लागते आणि ‘भांडणे’ ‘शी’सकट, परभाषिक माणूस आपल्या शेजारी राहून मराठी बोलू लागतो तेव्हा त्याचे अडते ते इथेच. शब्दाचा अर्थ कोश देतो, शब्दाचे नाते माणसे देतात.

बाईंनी एकदा घरचा अभ्यास म्हणून ‘मां परितः’ या दोन शब्दांनी सुरू होणारी वाक्ये लिहून आणायला सांगितली. माझ्याभोवती काय आहे? मी लिहायला बसले आणि हळूहळू लक्षात आले की या वाक्यात ‘अहम्’ला जागाच नाही. मी आहे, पण द्वितीयेत. वाक्याचे कर्तेपण गेले आहे ते भिंतींकडे, पुस्तकांकडे, शेजारणीकडे, खिडकीतून दिसणाऱ्या पांडवगडाकडे. क्रियापदाचे वचनही त्यांच्याप्रमाणे येते, माझ्याप्रमाणे नाही: ‘मां परितः पुस्तकानि सन्ति’. नोकरीच्या काळात माझी बहुतेक वाक्ये ‘मी’ने सुरू होत. मी केले, मी पाठवले, मी सही केली. त्या वाक्यांत खोटे काही नव्हते. पण माझ्याभोवती जे उभे आहे तेही वाक्याचे कर्ते होऊ शकते, आणि मी मधोमध असूनही कर्ता नसेन, अशी रचना एका भाषेने सहज उपलब्ध करून ठेवली आहे, याने मला समाधान दिले. त्या अभ्यासात मी अशी नावे लिहिली जी बरेच दिवस माझ्या कोणत्याच वाक्यात आली नव्हती. त्यांतल्या दोघींना मी दुसऱ्या दिवशी भेटून आले.

संस्कृत शिकण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची बोलणी चालतात. एकीकडे गुणांसाठी घेण्याचा विषय म्हणून त्याची किंमत केली जाते, दुसरीकडे त्याची नुसतीच थोरवी गायली जाते. दोन्हीकडे भाषा हातात येत नाही. परीक्षेत रिकाम्या जागेपुढे कंसात ‘ग्राम’ लिहिलेले असते आणि मूल तिथे ‘ग्रामम्’ भरते. गुण मिळतो. पण त्या मुलाने आपल्या गावाचे नाव कधी ‘परितः’च्या शेजारी ठेवून पाहिलेले नसते. आपल्याच सावंतवाडी संस्थानात १८५८ साली जन्मलेल्या वामन शिवराम आपट्यांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात कोश तर केलाच, शिवाय संस्कृत वाक्यरचनेचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात नियम येतो, त्यामागून काव्यनाटकांतली उदाहरणे येतात आणि मग विद्यार्थ्याने स्वतः करायची वाक्ये येतात. त्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. यातली तिसरी पायरी, स्वतः वाक्य करण्याची, आज सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की उपपदविभक्तीचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना एकदा वर्गाबाहेर न्या. शाळेभोवती काय आहे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय आहे, गावाबाहेर काय आहे, ते त्यांना पाहू द्या आणि मग म्हणू द्या. नपुंसकलिंगी नावे पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. आणि वाचकहो, तुम्ही शाळेत संस्कृत घेतले असो वा नसो, एक वाक्य आजच करून पाहा. तुमच्याभोवती कोण आणि काय आहे ते नीट पाहा. वहीवर ‘मां परितः’ लिहा, त्याच्यापुढे त्यांची नावे लिहा, आणि एकच नाव आले तर ‘अस्ति’ लिहा, पुष्कळ आली तर ‘सन्ति’. ‘सन्ति’ लिहावे लागले तर आपले बरे चालले आहे असे खुशाल समजा.